घरच्या ऑर्किडला खत: निवड, मात्रा आणि देण्याची पद्धत

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात किंवा घाटात एखाद्या जुन्या आंब्यावर सीतेची वेणी नावाची ऑर्किड फुललेली दिसते, तेव्हा तिच्या मुळांना मातीचा स्पर्शही झालेला नसतो. ऑर्किडला, म्हणजे मराठीत जिला आमरी म्हणतात त्या वनस्पतीला, पुष्कळ लोक बांडगूळ समजतात. परंतु बांडगूळ झाडाच्या आत मुळे घुसवून त्याचा रस घेते, तर झाडावर वाढणारी आमरी फक्त सालीला धरून राहते आणि त्या झाडाच्या रसावर जगत नाही. तिचे अन्न येते ते पावसाच्या पाण्याबरोबर. पावसाची पहिली सर शेंड्यावरून खाली उतरताना पानांवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेल्या पानांचा आणि शेवाळाचा अर्क असे सगळे धुऊन आणते, त्यामुळे फांदीवरून ओघळणाऱ्या त्या पहिल्या पाण्यात क्षार त्यातल्या त्यात जास्त असतात. नंतर बरसणारे पाणी जवळजवळ कोरे असते. आमरीच्या मुळांवर वेलामेन नावाचे, मृत पेशींचे, स्पंजासारखे पांढरट आवरण असते. ते पाणी लागताच थोड्याच वेळात भरते आणि त्या पहिल्या पाण्यातले क्षार धरून ठेवते.

घरी खत देताना हीच रीत डोळ्यांसमोर ठेवावी: अगदी पातळ अन्न, थोड्या थोड्या दिवसांनी, आणि मधूनमधून साध्या पाण्याची धुलाई. नवख्या माणसाच्या घरी ऑर्किड उपासमारीने क्वचितच मरते. बहुधा ती जास्त पाण्याने मरते आणि त्याखालोखाल जास्त खताने. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक पायरीत कमी मात्रेकडे माझा कल आहे, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिस, डेन्ड्रोबियम, व्हँडा, ऑन्सिडियम आणि कॅटलिया या जाती धरून हे लिहिले आहे.

पहिली पायरी: खताआधी मुळे पाहावीत

रोपवाटिकेतून फुलांसह आणलेल्या रोपाला लगेच खत देऊ नये. कुंडीतील माध्यमावर, म्हणजे मातीऐवजी भरलेल्या कोळसा, वीट, सोडण अशा तुकड्यांवर, पिवळसर किंवा तपकिरी रंगाचे मोहरीपेक्षा थोडे मोठे गोल दाणे दिसतात का, ते आधी पाहावे. अनेकांना ती किडीची अंडी वाटतात आणि ते घाबरून औषध फवारतात. प्रत्यक्षात ते हळूहळू विरघळणाऱ्या खताचे दाणे असतात आणि रोपवाटिकेने ते आधीच घातलेले असतात. असे दाणे असतील तर बोटांनी दाबून पाहावेत. टणक असले तर त्यांत खत शिल्लक आहे. दाबल्यावर पाणी निघून पोकळ टरफल उरले तर ते संपले आहे. दाणे असोत वा नसोत, पहिले दोन-तीन आठवडे फक्त साधे पाणी द्यावे आणि रोपाला नव्या जागेच्या उजेडाची व हवेची सवय होऊ द्यावी.

त्यानंतर मुळे तपासावीत. निरोगी मूळ भरीव असते, कोरडे असताना चंदेरी आणि ओले असताना हिरवे दिसते, आणि वाढत्या मुळाचे टोक हिरवे किंवा लालसर, चकचकीत असते. तपकिरी, पोचट, चिमटीत धरून ओढले की आवरण निघून आत नुसता दोरा उरणारे मूळ मेलेले असते. बहुतांश मुळे अशी असतील तर कोणतेही खत त्या रोपाला वाचवू शकत नाही, कारण खत शोषणारा अवयवच शिल्लक नसतो. उलट माध्यमात साचलेले क्षार उरलेली मुळेही जाळतात. अशा वेळी सडलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापून रोप नव्या माध्यमात लावावे आणि नवी टोके फुटलेली दिसेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार आठवडे, खताचा विचार करू नये.

माध्यमही या वेळीच पाहून घ्यावे. आपल्याकडे लोणारी कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे ही माध्यमे सर्वांत सोयीची पडतात. कोळसा आणि वीट यांत स्वतःचे अन्न जवळजवळ नसते, त्यामुळे अशा कुंडीतील रोप पूर्णपणे आपण देऊ त्या खतावर अवलंबून असते. सोडणात मात्र, विशेषतः किनाऱ्याजवळच्या नारळाच्या, सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असतात. ते तुकडे दोन-तीन दिवस भिजत घालून, पाणी रोज बदलून मगच वापरावेत. शेवटच्या दिवशी त्या पाण्यात लिटरला एक-दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट टाकले तर चिकटून बसलेला सोडियम सुटून निघतो.

दुसरी पायरी: आपले पाणी ओळखावे

खताची निवड करण्याआधी पाण्याची ओळख करून घेणे आवश्यक आहे, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक जण वगळतात. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारे टीडीएस मीटर पेनाएवढे असते आणि फार महाग नसते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा ठरवली आहे. ऑर्किडला मात्र याहून बरेच हलके पाणी मानवते. मीटरवर आकडा १५०च्या आत असेल तर पाणी उत्तम आहे. १५० ते ३०० पर्यंत चालते, मात्र खताची मात्रा कमी ठेवावी आणि कुंडी वारंवार धुवावी. त्याहून जास्त असेल तर पावसाचे साठवलेले किंवा आरओचे पाणी अर्धे मिसळून वापरावे. मुंबई-पुण्यात धरणाचे पाणी येते ते सहसा हलके असते, परंतु त्याच शहरांत उन्हाळ्यात सोसायटीची टाकी टँकरने भरली की आकडा एकदम चढतो, म्हणून मार्च ते मे या काळात पुन्हा मोजावे. मराठवाडा, विदर्भ आणि पठारावरील बोअरचे पाणी अनेकदा जड असते; नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल तर मीटर नसले तरी हे ओळखता येते. घरात सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्याचे पाणी ऑर्किडला देऊ नये. तो कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो.

पाणी जड असणे म्हणजे सगळे वाईट, असे समजू नये. त्या जडपणात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते आणि ती दोन्ही ऑर्किडला हवीच असतात. पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरणाऱ्यांना ही द्रव्ये खतातून द्यावी लागतात; बोअरचे पाणी वापरणाऱ्यांना बहुधा लागत नाहीत.

तिसरी पायरी: पुडीवरचे आकडे वाचावेत आणि खत निवडावे

खताच्या पुडीवरील तीन आकडे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचे शेकडा प्रमाण दाखवतात. १९:१९:१९ म्हणजे शंभर ग्रॅम पुडीत १९ ग्रॅम नत्र आणि ऑक्साइडच्या रूपात मोजलेले तितकेच स्फुरद व पालाश. कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खते म्हणून जी मिळतात, ती पाण्यात पूर्ण विरघळतात आणि ऑर्किडला तीच वापरावीत. शेतातील दाणेदार मिश्रखते किंवा नुसता युरिया कुंडीत टाकू नये. सच्छिद्र माध्यमात ते दाणे एका जागी विरघळून खालचे मूळ जाळतात.

नव्या माणसाने तीन गोष्टी घेतल्या की वर्षभराचे काम भागते: १९:१९:१९ किंवा २०:२०:२०, कॅल्शियम नायट्रेट, आणि मॅग्नेशियम सल्फेट, ज्याला एप्सम सॉल्टही म्हणतात. चौथे घ्यायचेच असेल तर १३:००:४५ घ्यावे, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पुडीवर सूक्ष्म अन्नद्रव्ये, म्हणजे लोह, मँगेनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम यांचा उल्लेख आहे का ते पाहावे. नसेल तर चिलेटेड, म्हणजे रोपाला सहज घेता येतील अशा विरघळत्या रूपातील, सूक्ष्म अन्नद्रव्यांची छोटी पुडी वेगळी घेऊन महिन्यातून एकदा पुडीवरील मात्रेच्या एक चतुर्थांश प्रमाणात द्यावी.

येथे नत्राविषयी थोडे सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण पुडीवरील पहिला आकडा सारखा असूनही दोन खते वेगळी वागतात. नत्र तीन रूपांत मिळते: नायट्रेट, अमोनियम आणि युरिया. बाजारातील १९:१९:१९ मध्ये नत्राचा मोठा भाग युरियाचा असतो. जमिनीतील जिवाणू युरियाचे अमोनियममध्ये आणि त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. कोळसा-विटेच्या कुंडीत हे जिवाणू फार थोडे असतात आणि रूपांतर होण्याआधीच बरेचसे द्रावण तळातून वाहून जाते. युरिया अगदीच फुकट जातो असेही नाही, फॅलेनॉप्सिसची मुळे तो थेट घेऊ शकतात असे प्रयोगांत दिसले आहे. तरीही नायट्रेटचा वाटा जास्त असलेल्या खतावर वाढ आणि फुले अधिक चांगली येतात, हे त्याच जातीवरील प्रयोगांनी दाखवले आहे. कॅल्शियम नायट्रेटमध्ये नत्र सुमारे साडेपंधरा टक्के असते आणि ते जवळजवळ सगळे नायट्रेटच्या रूपात असते, शिवाय कॅल्शियमही मिळते. १९:१९:१९ आणि कॅल्शियम नायट्रेट आलटून-पालटून द्यावे, असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या हरितगृहात ऑर्किडसाठी जे मिश्रण बसवले गेले, ते शुद्ध पाण्यासाठी १३:३:१५ असे असून त्यात ८ टक्के कॅल्शियम आणि २ टक्के मॅग्नेशियम आहे. त्यातील स्फुरदाचा आकडा किती लहान आहे, ते पाहावे. ऑर्किडला स्फुरद लागते, पण थोडेच. आपल्याकडे ते तयार मिश्रण सहज मिळत नाही, परंतु वर सांगितलेल्या तीन-चार पुड्या आलटून-पालटून वापरल्या की बऱ्यापैकी त्या दिशेने जाता येते.

यावरूनच फुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खतांचा प्रश्न येतो. दुकानात ऑर्किड फुलत नाही असे सांगितले की ००:५२:३४ किंवा १२:६१:०० अशी भरपूर स्फुरदाची पुडी हातात दिली जाते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधक यिन-तुंग वांग यांनी फॅलेनॉप्सिसवर केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जास्त स्फुरदाच्या खताने फुलांमध्ये विशेष फायदा दिसला नाही. फुलोऱ्याआधी खत लवकर बंद केलेल्या रोपांना मात्र फुले कमी आली. फॅलेनॉप्सिसचा फुलांचा दांडा निघतो तो तापमान काही आठवडे पंचविशीच्या आसपास किंवा त्याखाली उतरल्यामुळे, आणि डेन्ड्रोबियम फुलत नाही ते बहुतेक वेळा गॅलरीत उजेड अपुरा असल्यामुळे. उजेड कमी असलेल्या घरात तर खताची मात्रा निम्मी करावी. जे अन्न रोप वापरू शकत नाही ते कुंडीत क्षार होऊन साचते.

चौथी पायरी: मात्रा मोजून द्रावण करावे

मी सुरुवातीला केलेली चूक येथे सांगतो, कारण ती अजूनही अनेकांकडून होताना पाहतो. पुडीच्या मागे शेतकऱ्यांसाठी मात्रा छापलेली असते आणि ती साधारण लिटरला पाच ग्रॅमच्या घरात येते. फवारणी करणारे लोक पंधरा लिटरच्या पंपाला ७५ किंवा १०० ग्रॅम असे बोलतात. ती मात्रा उघड्या रानातील, मातीत मुळे पसरलेल्या पिकासाठी असते. मी तीच मात्रा डेन्ड्रोबियमच्या सहा कुंड्यांना ओतली आणि आठवड्याभरात सगळ्या मुळांची हिरवी टोके काळी पडली. रोपे जगली, परंतु त्या वर्षीच्या नव्या काठ्या, म्हणजे तिची काठीसारखी खोडे, खुज्या राहिल्या आणि फुले आली नाहीत.

घरच्या ऑर्किडसाठी लिटरला अर्धा ग्रॅम ही मात्रा धरावी. १९:१९:१९ अर्धा ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवले की त्या लिटरात ९५ मिलिग्रॅम नत्र उतरते आणि आठवड्यातून एकदा द्यायला ते पुरेसे आहे. कॅल्शियम नायट्रेट अर्ध्या ग्रॅमने सुमारे ७७ मिलिग्रॅम नत्र आणि ९० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम देते. एप्सम सॉल्टही अर्धा ग्रॅमच घ्यावे.

अर्धा ग्रॅम घरच्या तराजूवर नीट मोजता येत नाही आणि चमच्याचा अंदाज धोक्याचा असतो. त्यासाठी दाट द्रावण करून ठेवावे. ५० ग्रॅम खत थोड्या कोमट पाण्यात ढवळून विरघळवावे आणि पाणी घालून ते एक लिटर करावे. या द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये बरोबर अर्धा ग्रॅम खत असते, म्हणून एका लिटर पाण्यात तेवढेच घालावे. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे खुणांचे झाकण किंवा सुई काढलेली सिरिंज मोजायला पुरते. मात्र ते माप पुन्हा औषधासाठी वापरू नये. बाटलीवर नाव आणि तारीख लिहावी, ती अंधाऱ्या जागी मुलांच्या हाताबाहेर ठेवावी आणि महिनाभरात संपवावी, म्हणून एका वेळी अर्धा लिटरच केलेले बरे.

कॅल्शियम नायट्रेटचे दाट द्रावण दुसऱ्या कशातही मिसळू नये. १९:१९:१९ मधील स्फुरदाशी आणि एप्सम सॉल्टमधील सल्फेटशी कॅल्शियमचा संयोग होऊन पांढरा गाळ बसतो, आणि तो गाळ म्हणजे वाया गेलेले खत. दोन वेगळ्या बाटल्या आणि दोन वेगळे आठवडे, ही सर्वांत सोपी व्यवस्था आहे.

टीडीएस मीटरने खताचे द्रावण तपासणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून आकडा सांगते, आणि युरिया विरघळला तरी वीज वाहून नेत नाही. त्यामुळे युरियायुक्त खताचे द्रावण मीटरवर आहे त्यापेक्षा हलके दिसते. आकडा कमी आला म्हणून आणखी खत टाकू नये. वजनावरच विश्वास ठेवावा.

वीस कुंड्यांना प्रत्येकी १०० मिलिलिटर दिले तरी एका वेळी दोन लिटर द्रावण, म्हणजे एक ग्रॅम खत लागते. एक किलोची पुडी अशा घराला अनेक वर्षे संपत नाही. दोन-चार ऑर्किडप्रेमींनी मिळून घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या बरण्यांत वाटून ठेवावी. कॅल्शियम नायट्रेट हवेतील ओल इतकी ओढते की पावसाळ्यात उघड्या पुडीचे पाणी होते.

पाचवी पायरी: खत कसे द्यावे

सकाळची वेळ निवडावी, म्हणजे पानांच्या बेचक्यात राहिलेले पाणी दिवसा सुकते. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या कोंबात पाणी साचून तो सडतो आणि रोपाची वरची वाढ तिथेच संपते, म्हणून द्रावण कुंडीच्या कडेने माध्यमावर ओतावे आणि कोंबात गेलेच तर कापसाने किंवा कागदी रुमालाने टिपून घ्यावे. तळाच्या भोकांतून द्रावण निथळू लागेपर्यंत ओतावे. निथळलेले पाणी दुसऱ्या ऑर्किडला देऊ नये, कारण त्यातून रोग पसरतो; ते तुळशीला किंवा मोगऱ्याला घालता येते. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत ते साचू देऊ नये.

खताआधी साधे पाणी घालावे की नाही, यावर अनुभवी लोकांमध्येही मतभेद आहेत. आधी पाणी घालावे म्हणजे मुळे भाजत नाहीत, हा जुना सल्ला दाट मात्रांच्या काळातील आहे. परंतु वेलामेन आधीच साध्या पाण्याने तुडुंब भरले तर मागून आलेल्या खताला आत जागा फारशी उरत नाही. लिटरला अर्धा ग्रॅम इतके पातळ द्रावण असेल तर ते कोरड्या मुळांवर थेट द्यावे, असे माझे मत आहे. मे महिन्यात मुळे दोन-तीन दिवस खडखडीत सुकलेली असतील किंवा पाने सुरकुतली असतील, तर मात्र त्या दिवशी फक्त पाणी द्यावे आणि खत दुसऱ्या दिवशी.

फवारणीने पानांवाटे खत देण्यावर फार भिस्त ठेवू नये. फॅलेनॉप्सिस, व्हँडा, कॅटलिया यांची पाने जाड व मेणचट असतात आणि त्यांची छिद्रे बहुतांशी रात्री उघडतात. फवारा मारायचाच तर मुळांवर मारावा. लाकडी टोपलीत माध्यमाविना लटकवलेल्या व्हँडाला हाच मार्ग आहे: रोज मुळे हिरवी होईपर्यंत पाणी, आणि आठवड्यातून दोनदा त्याच पाण्याऐवजी लिटरला पाव ते अर्धा ग्रॅमचे द्रावण. व्हँडाची भूक इतर जातींपेक्षा मोठी असते, कारण तिच्याजवळ अन्न धरून ठेवणारे माध्यमच नसते.

महिन्याचे वेळापत्रक मी असे ठेवतो. पहिल्या आठवड्यात १९:१९:१९, दुसऱ्यात कॅल्शियम नायट्रेट, तिसऱ्यात पुन्हा १९:१९:१९ आणि त्यातच एप्सम सॉल्ट, आणि चौथ्या आठवड्यात खत काहीच नाही, नुसती धुलाई. पाणी जड असेल तर दुसऱ्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेटच्या जागी १३:००:४५ द्यावे आणि एप्सम वगळावे.

धुलाई म्हणजे कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट साधे पाणी सावकाश माध्यमातून वाहू देणे. ते दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा करावे. पहिल्या पाण्याने साचलेले क्षार विरघळतात आणि दुसऱ्याने निघून जातात. खत एखाद्या आठवड्यात चुकले तरी चालते, धुलाई चुकवू नये.

ऋतूप्रमाणे बदल

खत कॅलेंडरपेक्षा वाढ पाहून द्यावे. नवी मुळे, नवे पान किंवा नवी काठी वाढत असेल तेव्हा भूक असते. आपल्याकडे डेन्ड्रोबियम साधारण एप्रिलपासून नव्या काठ्या काढते आणि त्या सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत भरतात. वर्षातील बहुतेक खत या काळात द्यायचे. पावसात उघड्यावर असलेल्या कुंड्या रोज धुतल्या जातात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये धुलाईची गरज नसते, मात्र उघडीप मिळेल त्या दिवशी खत द्यावे, नाहीतर ऐन वाढीत रोप उपाशी राहते. काठ्या भरत आल्या की १९:१९:१९ च्या दोन पाळ्यांपैकी एकीत १३:००:४५ वापरावे.

दिवाळीनंतर मात्रा तीच ठेवून अंतर वाढवावे आणि पंधरा दिवसांनी एकदा द्यावे. थंडीत विश्रांती घेणाऱ्या, पाने गाळणाऱ्या डेन्ड्रोबियमच्या जातींना नोव्हेंबरपासून कळ्या दिसेपर्यंत खत पूर्ण बंद करावे. अशा जातींना हिवाळ्यात नत्र देत राहिले तर फुलांच्या जागी काठीच्या पेरांवर पिल्ले, म्हणजे छोटी नवी रोपे, फुटतात. सह्याद्रीतील मूळच्या जाती रोपवाटिकेतून घेतलेल्या असतील तर त्यांनाही पानगळीच्या काळात काही देऊ नये, आणि वाढीच्या काळातही लिटरला पाव ग्रॅमच्या वर जाऊ नये. त्या जंगलातून उपटून तर आणूच नयेत. फॅलेनॉप्सिसचा दांडा हिवाळ्यात वाढत असतो, म्हणून तिचे खत थांबवू नये, पंधरवड्याने चालू ठेवावे. मे महिन्यात पारा ३८ च्या पुढे गेला की सगळ्यांचेच खत थांबवावे आणि सावली व पाणी सांभाळावे.

घरगुती आणि सेंद्रिय खतांविषयी

शेणखत किंवा गांडूळखत कुंडीत घालू नये. ते पोषक आहे यात शंका नाही, परंतु ते सच्छिद्र माध्यमातील हवेची जागा भरून टाकते आणि मुळे गुदमरून सडतात. गांडूळखताचे गाळलेले पाणी, म्हणजे व्हर्मीवॉश, दहापट पातळ करून महिन्यातून एकदा द्यायला हरकत नाही. शेंगदाणा पेंड आंबवून, गाळून, फार पातळ करून देणारे जाणते लोक आहेत आणि त्यांची रोपे उत्तम असतात. परंतु वास, मुंग्या आणि चिलटे यांचा विचार करता सदनिकेच्या गॅलरीत ते जमेलच असे नाही, शिवाय त्यात नत्र किती उतरले ते कळत नाही. समुद्री शेवाळाचा अर्क मुळे फुटायला मदत करतो, पण त्यात नत्र-स्फुरद-पालाश नगण्य असते, म्हणून तो खताची जागा घेऊ शकत नाही. तांदळाचे धुवण, चहाचा चोथा, केळीच्या सालीचे पाणी यांनी माध्यमावर बुरशी आणि चिलटे येतात. ते इतर झाडांना द्यावे.

हळूहळू विरघळणारे आवरणयुक्त दाणे ज्यांना दर आठवड्याला वेळ नाही त्यांच्या सोयीचे आहेत. त्यांवर लिहिलेला काळ, उदाहरणार्थ सहा महिने, हा साधारण २१ अंश तापमान धरून काढलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात ते बरेच लवकर रिकामे होतात आणि त्या काळात एकदम जास्त खत सोडतात. म्हणून ते जूनमध्ये घालावेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये घालू नयेत, आणि चार-पाच इंची कुंडीला चिमूटभरच घालावेत.

रोप काय सांगते ते ओळखणे

फॅलेनॉप्सिसचे सर्वांत खालचे एखादे पान वर्षातून पिवळे होऊन गळते, ते वय झाल्यामुळे. खालची दोन-तीन पाने एकदम फिकट होत असतील आणि नवे पान आधीच्यापेक्षा लहान येत असेल तर नत्र कमी पडत आहे. जुन्या पानांवर शिरांमधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या दिसल्या तर मॅग्नेशियमची शंका घ्यावी. नव्या कोवळ्या पानाचे टोकच काळे पडत असेल तर कॅल्शियम कमी असू शकते, आणि आरओचे पाणी वापरणाऱ्या घरांत हे विशेष दिसते. पाने गडद हिरवी, लांब, लुळी आणि फुले नाहीत, असे असेल तर नत्र जास्त किंवा उजेड कमी, बहुधा दोन्ही.

कुंडीच्या कडेला किंवा कोळशावर पांढरी पापडी, मुळांची टोके तपकिरी किंवा काळी, जुन्या पानांची टोके सुकलेली, ही क्षार साचल्याची खूण आहे. तेव्हा त्याच दिवशी खत बंद करावे. शक्यतो पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने, बादलीत कुंडी वीस मिनिटे बुडवून, पूर्ण निथळून, पुन्हा एकदा तसेच करावे आणि तीन दिवसांनी आणखी एकदा. बादलीतले पाणी प्रत्येक कुंडीसाठी नवे घ्यावे. काळी पडलेली टोके परत वाढत नाहीत, पण मुळाच्या मागच्या भागातून बाजूला नवे फाटे फुटतात. ते अर्धा इंच झाले की लिटरला पाव ग्रॅम या मात्रेने पुन्हा सुरुवात करावी. माध्यम दोन वर्षांहून जुने असेल आणि बोटांत चुरडत असेल तर धुलाईत वेळ न घालवता ते बदलावे.